चारशे घोडे आणि शीळफाटा

मोटारींची चित्रे जमवण्याचा छंद तुमच्यापैकी अनेकांना असेल. त्या चित्रांत लांब नाकाची, रुंद मागच्या चाकांची, बुटकी आणि दणकट अशी एक अमेरिकन गाडी बहुधा असतेच. तिकडे अशा गाडीला ‘मसल कार’ म्हणतात. दंडाच्या बेटकुळ्या दाखवणाऱ्या पहिलवानासारखी ही गाडी! अशी गाडी परवडली, तर ती रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येईल का? सकाळी डोंबिवलीहून निघून शीळफाट्यावरून महाप्याला जायचे आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचे, हे काम ती वर्षानुवर्षे बिनतक्रार करील का?

हा प्रश्न हौसेचा वाटतो, पण त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. नववी-दहावीत शिकलेली गतीची समीकरणे, घर्षण, गतिज ऊर्जा आणि उष्णता एवढ्या सामग्रीवर आपण ते काढू शकतो. शिवाय ते उत्तर अशा एका गाडीपुरते न राहता आपल्या घरच्या लहान मोटारीला आणि फटफटीलाही लागू पडते.

पहिलवानाची ओळख

मसल कारची परंपरा साधारणपणे १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओ या गाडीपासून मोजतात. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, ही त्यामागची सोपी युक्ती. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्ड कंपनीने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘मस्टँग’ ही गाडी लोकांपुढे आणली. मस्टँग म्हणजे अमेरिकेतील रानघोडा. पेट्रोल स्वस्त आणि रस्ते लांबलचक सरळ, अशा देशात ही गाडी जन्मली. १९७३ सालच्या तेलसंकटाने अशा गाड्यांचा पहिला बहर ओसरला, पण त्यांचे आकर्षण संपले नाही.

भारतात मस्टँग अधिकृतपणे विक्रीस आली ती २०१६ साली. तिचे इंजिन आठ सिलिंडरांचे होते. हे सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या दोन भुजांवर चार-चार बसवलेले असतात, म्हणून त्याला व्ही-आठ इंजिन म्हणतात. त्याची घनधारणा ४,९५१ घन सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ पाच लिटर होती. भारतीय गाडीसाठी जाहीर केलेली शक्ती ४०१ अश्वशक्ती आणि टॉर्क ५१५ न्यूटन-मीटर होता. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात मोटारी बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. उदाहरणासाठी आपण हीच गाडी घेऊ.

आता शीळफाटा. कल्याण-डोंबिवलीकडून, मुंब्रा-ठाण्याकडून, तळोजा-पनवेलकडून आणि डोंगर ओलांडून महाप्याकडून येणारे रस्ते येथे एकत्र येतात. न्हावाशेव्याच्या बंदरातून भिवंडी, नाशिक आणि गुजरातकडे जाणाऱ्या जड मालमोटारी आणि नोकरीला निघालेली माणसे एकाच वेळी याच चौकात पोचतात. रस्ता रुंद करण्याची व पुलांची कामे झाली, होतही आहेत, पण थांबत थांबत पुढे सरकणे हा अनुभव तेथील प्रवाशांना नवा नाही. पहिलवानाला कुस्तीच्या आखाड्याऐवजी रेशनच्या रांगेत उभे केले तर काय होईल, हेच आपल्याला पाहायचे आहे.

खरी गरज किती?

एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७३५.५ वॉट. म्हणून ४०१ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २९५ किलोवॉट. घरातील एक किलोवॉटच्या २९५ इस्त्र्या एकदम चालू केल्यावर जेवढी विद्युतशक्ती लागेल, तेवढी ही यांत्रिक शक्ती आहे.

पण ही शक्ती केव्हा लागते? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच विरोधांवर मात करायची असते. पहिला विरोध चाकांच्या लोटण घर्षणाचा, दुसरा हवेचा. चालकासह गाडीचे वस्तुमान १,८०० किलोग्रॅम धरू. डांबरी रस्त्यावर लोटण घर्षणाचा गुणांक सुमारे ०.०१५ असतो. म्हणून

लोटण घर्षण = ०.०१५ × १,८०० × ९.८ = सुमारे २६५ न्यूटन.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि गाडीचा आकार व समोरचे क्षेत्रफळ मिळून येणारा गुणांक ०.८ चौरस मीटर धरला, तर

हवेचा विरोध = ½ × १.२ × ०.८ × (वेग)²

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. या वेगाला हवेचा विरोध सुमारे १३३ न्यूटन येतो. दोन्ही मिळून ३९८ न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, म्हणून लागणारी शक्ती साधारण ६.६ किलोवॉट.

जवळ असलेली शक्ती २९५ किलोवॉट, लागणारी ६.६ किलोवॉट! म्हणजे सुमारे पंचेचाळिसावा हिस्सा. ताशी १०० किलोमीटरला हाच हिशेब केला तर सुमारे १८ किलोवॉट येतात. आणि शीळफाट्याच्या रांगेत ताशी २० किलोमीटरने सरकताना? फक्त दीड किलोवॉट. ४०१ घोड्यांपैकी दोन घोडे गाडी ओढतात, बाकीचे ३९९ नुसते दाणा खातात. उरलेल्या लेखाचा विषय हा दाणाच आहे.

उभ्या गाडीची भूक

गाडी उभी असली तरी इंजिन फिरत राहते. दट्ट्ये वरखाली होतात, तेलाचा व पाण्याचा पंप फिरतो, झडपा उघडझाप करतात. या सर्वांच्या घर्षणावर मात करण्यासाठी पेट्रोल जळतच असते. इंजिन जितके मोठे, तितके हे घर्षण अधिक. पाच लिटर घनधारणेचे तापलेले इंजिन उभ्या गाडीत ताशी सुमारे दीड लिटर पेट्रोल पिते. १.२ लिटर घनधारणेच्या लहान गाडीला अर्धा लिटर पुरते. वातानुकूलन चालू असेल तर दोन्ही आकडे वाढतात.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. पेट्रोल इंजिनाला कमी शक्ती हवी असते तेव्हा हवेच्या वाटेतील झडप जवळजवळ बंद करावी लागते. मग दट्ट्याला अरुंद फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा, म्हणजे हे कष्ट कळतील! त्यामुळे पूर्ण जोराने काम करताना ३० ते ३५ टक्के कार्यक्षमता दाखवणारे इंजिन अगदी हलक्या कामात निम्म्यावर येते. मोठे इंजिन लहान कामाला लावले की ते नेहमीच या हलक्या कामाच्या टोकाला असते.

शंभर रुपयांचा हिशेब

आता एक फेरी प्रत्यक्ष मोजू. दहा किलोमीटर अंतर, एक तास वेळ. त्यातील ४० मिनिटे गाडी उभी. तीस वेळा ती थांबते आणि तीस वेळा ताशी ३० किलोमीटरपर्यंत वेग घेते. हे आकडे आपण समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या रस्त्याचे आकडे घालून हिशेब पुन्हा करता येईल.

उभे राहण्याचा खर्च: ताशी दीड लिटरप्रमाणे ४० मिनिटांत एक लिटर.

चालण्याचे कार्य: २८० न्यूटन × १०,००० मीटर = २.८ मेगाज्यूल.

वेग घेण्याचे कार्य: ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. गतिज ऊर्जा ½ × १,८०० × (८.३३)² = सुमारे ६२ किलोज्यूल. तीस वेळा मिळून सुमारे १.९ मेगाज्यूल. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की ही ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवून निघून जाते.

एकूण उपयुक्त कार्य ४.७ मेगाज्यूल. हलक्या कामातील कार्यक्षमता १५ टक्के धरली, तर त्यासाठी ३१ मेगाज्यूल इतकी इंधनाची ऊर्जा हवी. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे पुन्हा साधारण एक लिटर. दहा किलोमीटरला एकूण दोन लिटर, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर!

एक हजार किलोग्रॅमच्या लहान गाडीसाठी हाच हिशेब केला, कार्यक्षमता २० टक्के आणि उभ्या गाडीची भूक ताशी अर्धा लिटर धरली, तर पाऊण लिटरहून थोडे कमी पेट्रोल लागते. लिटरला सुमारे १४ किलोमीटर.

दोन लिटर पेट्रोलात ६४ मेगाज्यूल ऊर्जा होती. त्यातील ४.७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ७ टक्के, चाकांपर्यंत पोचली. पण चाके कोणाला ओढत होती? १,८०० किलोग्रॅममध्ये चालकाचे वजन ७० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ४ टक्के. सात टक्क्यांचे चार टक्के म्हणजे ०.२८ टक्के. शंभर रुपयांच्या पेट्रोलापैकी माणूस पुढे नेण्यासाठी कारणी लागतात ते अवघे २८ पैसे! बाकी ९९ रुपये ७२ पैसे लोखंड ओढण्यात आणि हवा तापवण्यात जातात. लहान गाडीचा आकडाही काही अभिमानाचा नाही. तो तुम्हीच काढा.

रेडिएटरची परीक्षा

इंजिन जेवढी ऊर्जा कामात आणू शकत नाही तेवढी उष्णता होऊन बाहेर पडते. उभ्या गाडीत ताशी दीड लिटर पेट्रोल जळते, म्हणजे ४८ मेगाज्यूल ऊर्जा ३,६०० सेकंदांत मोकळी होते. भागाकार केला तर सुमारे १३ किलोवॉट येतात. तेरा शेगड्या बॉनेटखाली पेटवून ठेवल्या आहेत असे समजा. त्यातील काही उष्णता धुराबरोबर जाते, काही इंजिनाच्या पृष्ठभागावरून निघते आणि उरलेली रेडिएटरला बाहेर टाकावी लागते.

गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटरला थंड करतो. रांगेत उभ्या गाडीला वारा नसतो. सर्व भार विजेच्या पंख्यावर पडतो. शिवाय न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम आठवा. बाहेर पडणारी उष्णता ही दोन तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. शीतक द्रव ९५ अंश सेल्सिअसला आहे. बाहेरची हवा २० अंशांची असेल तर फरक ७५ अंश. मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या डांबरावर, दोन मालमोटारींच्या मध्ये उभ्या असलेल्या गाडीत ५० अंशांची हवा शिरत असेल तर फरक ४५ अंश. म्हणजे त्याच रेडिएटरची, त्याच पंख्याची क्षमता साठ टक्क्यांवर आली. रेडिएटर मात्र बदललेला नाही!

सुस्थितीतील आधुनिक गाडी ही परीक्षा पास होते. शीतक द्रव दाबाखाली ठेवलेला असतो. वातावरणाच्या दाबापेक्षा एक वातावरण अधिक दाब असला की पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंशांवरून सुमारे १२० अंशांवर जातो. ग्लायकॉल मिसळल्याने तो आणखी थोडा वाढतो. पण रबरी नळीला बारीक चीर गेली किंवा झाकणाची कडी सैल झाली, तर दाब टिकत नाही. मग जे द्रव ११० अंशांना शांत असायचे ते उकळू लागते. महामार्गावर कधी लक्षात न आलेला हा लहानसा दोष शीळफाट्याच्या रांगेत दहा मिनिटांत उघडा पडतो. म्हणून विश्वासार्हतेची खरी कसोटी वेगात नसून थांबण्यात आहे. येथे एक इशारा: तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाब एकदम उतरला की आतले पाणी क्षणात उकळून अंगावर उडते.

चाक आणि रस्ता

“पण सुटताना ही गाडी सर्वांच्या पुढे जाईल ना?” असे तुम्ही विचाराल. तेही पाहू. ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गिअरात, सर्व दंतचक्रे मिळून, तेरापट होतो असे धरू. चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर. वाटेतील घर्षणाची तूट १५ टक्के वजा केली, तर चाकाच्या कडेला सुमारे १६,७०० न्यूटन बल मिळू शकते.

रस्त्याने ते स्वीकारले पाहिजे! शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. वेग घेताना त्या चाकांवर सुमारे १०,००० न्यूटन भार येतो. चांगल्या कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.९ धरला, तर रस्ता जास्तीत जास्त ९,००० न्यूटन बल देऊ शकतो. बाकीचे बल चाक जागच्या जागी घसरवते, टायर झिजवते आणि धूर काढते. पावसात घर्षणांक ०.५ च्या आसपास येतो आणि मर्यादा ४,५०० न्यूटनांवर उतरते. म्हणजे इंजिनाच्या बलाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग रस्ता नाकारतो. आजच्या गाड्यांत चाक घसरू लागताच संगणक इंजिनाला लगाम घालतो. दुसऱ्या शब्दांत, शेकडो घोडे विकत घ्यायचे आणि पावसाळाभर संगणकाकडून त्यांना बांधून ठेवायचे!

गतिरोधकाची भूमिती

ही गाडी बुटकी असते. तळ आणि रस्ता यांत सुमारे १४ सेंटीमीटर अंतर आहे असे धरा. ती गतिरोधकावर घासेल का?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस असावा, त्याची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर असावी. वर्तुळाची जीवा ज आणि त्रिज्या त्र असेल तर कंसाची उंची सुमारे ज² ÷ ८त्र. येथे ३.७ × ३.७ ÷ १३६ = ०.१ मीटर. शिफारशीतील आकडे एकमेकांशी नीट जुळतात.

मस्टँगच्या पुढच्या व मागच्या चाकांत २.७२ मीटर अंतर आहे. हे ३.७ मीटरपेक्षा कमी आहे, म्हणून मधोमध आल्यावर चारही चाके गतिरोधकावरच असतात. दोन चाकांमधला फुगवटा २.७२ × २.७२ ÷ १३६ = ०.०५४ मीटर, म्हणजे साडेपाच सेंटीमीटरही नाही. १४ सेंटीमीटरच्या गाडीला तो स्पर्शही करणार नाही. पण अर्धा मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच असा उंबरठा कोणी गल्लीत बांधला असेल, तर तो चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो आणि गाडी घासते. दोष गाडीच्या बुटकेपणाइतकाच उंबरठ्याच्या भूमितीचा आहे. असा उंबरठा रुग्णवाहिकेतील रुग्णाला आणि दुचाकीवरील वृद्धालाही तितकाच त्रास देतो.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचा प्रश्न मात्र बुटक्या गाडीला अधिक सतावतो. हवा ओढण्याच्या नळीचे तोंड पाण्यात बुडाले तर पाणी सिलिंडरात शिरते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. एवढ्या एका चुकीने इंजिन निकामी होऊ शकते.

मोठे इंजिन नाजूक असते का?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शक्तिमान इंजिन लवकर बिघडते, असे अनेकांना वाटते. रोजच्या वापरात खरे तर उलट घडते. जो पहिलवान दोनशे किलो उचलतो त्याला पाच किलोची पिशवी नेताना दम लागत नाही. हे इंजिन रोज आपल्या ताकदीचा लहानसा अंश वापरते आणि फेरेही कमी घेते. दट्ट्ये व बेअरिंग यांच्यावर ताण कमी पडतो.

झिजतात त्या आजूबाजूच्या वस्तू. उष्णतेने रबराच्या नळ्या व पट्टे कडक होतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे विशेष लक्षात ठेवावे. भारी वजनामुळे टायर व ब्रेक लवकर झिजतात.

आणि गाडी जपण्यासाठी महिनोन्महिने झाकून ठेवणे हा उपाय नव्हे. बंद गाडीतही घड्याळ, कुलूप व संगणक थोडी वीज खातात. ती ३० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ४० दिवसांत निम्मी रिकामी होते. रोज दहा मिनिटेच चालवणेही वाईट. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते! ऑक्टेनच्या ज्वलनाचे समीकरण मांडून हे पडताळा. इंजिन पूर्ण तापले नाही तर त्यातील काही वाफ थंड होऊन तेलात मिसळते. आठवड्यातून निदान एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर नेणे, हे अशा गाडीचे औषध आहे.

इंधनाचाही विचार हवा. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी पडते. त्याआधीच्या गाडीचे इंधनमार्गातील रबरी भाग हे मिश्रण सोसतात का, हे तिच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. आणि ज्या गाडीची देशात नवी विक्री होत नाही तिचा सुटा भाग वेळेवर मिळेल का, हा प्रश्न तर इंजिनाच्या ताकदीहून मोठा. विश्वासार्हता म्हणजे बिघाड न होणे एवढेच नव्हे. बिघाड झाल्यावर गाडी किती दिवसांत पुन्हा रस्त्यावर येते, हेही त्यातच मोजावे लागते.

दोन सेकंदांचा मोह

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. रांग हलली, पुढे मोकळी जागा दिसली आणि चालकाने दोन सेकंद पाय दाबला. लहान गाडीचे त्वरण सेकंदाला सेकंदाला २ मीटर धरू. दोन सेकंदांत तिचा वेग सेकंदाला ४ मीटर होतो आणि ती ४ मीटर पुढे जाते. त्या क्षणी बसथांब्याकडे धावणारा कोणी आडवा आला. चालकाला भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे आणखी ४ मीटर. ब्रेक लागल्यावर जेमतेम १ मीटर. एकूण ९ मीटर.

पहिलवान गाडीचे त्वरण रस्त्याच्या मर्यादेइतके, म्हणजे ५. दोन सेकंदांत वेग सेकंदाला १० मीटर, अंतर १० मीटर. भान येईपर्यंत आणखी १०. ब्रेकखाली सुमारे ६. एकूण २६ मीटर! चालक तोच, मोह तोच, दोनच सेकंद. थांबायला लागणारे अंतर मात्र जवळजवळ तिप्पट. ओल्या रस्त्यावर ब्रेकखालचे अंतर आणखी वाढते.

लहान गाडीची दुबळी त्वरा आपल्या नकळत आपले व इतरांचे रक्षण करत असते. शक्तिमान गाडीत ते रक्षण चालकाच्या मनाला करावे लागते. शीळफाट्यावर रस्ता ओलांडणारी माणसे, वाट काढणारे दुचाकीस्वार आणि शाळेची मुले यांचा जीव त्या दोन सेकंदांत चालकाच्या पायाशी बांधलेला असतो.

मग उत्तर काय?

अशी गाडी रोज वापरता येईल का? येईल. शीतलीकरण, बॅटरी, टायर, ब्रेकचे तेल यांची वेळच्या वेळी देखभाल केली, सुट्या भागांची सोय असली आणि चालकाचा पाय संयमी असला, तर इंजिन दगा देणार नाही. पण शीळफाट्यावर ती कोणतेही काम लहान गाडीपेक्षा लवकर करणार नाही. रांगेचा वेग रांगेतील सर्वांत हळू वाहन ठरवते, त्यात घोड्यांची संख्या येत नाही. दारात हत्ती बांधता येतो, पण त्याचा चारा रोज लागतो.

हाच नियम थोड्या फरकाने आपल्या सर्वांना लागू आहे. यंत्राची निवड त्याच्या कमाल शक्तीवरून न करता रोजच्या कामावरून करावी. जाहिरातीत २९५ किलोवॉट लिहिलेले असतात. रस्ता मात्र दीड किलोवॉटच मागतो.

करून पाहा

शिक्षकांबरोबर, पदपथावरच थांबून, तुमच्या शाळेजवळच्या गतिरोधकाची रुंदी व उंची अंदाजा आणि ज² ÷ ८त्र या सूत्रावरून त्याची त्रिज्या काढा. १७ मीटरपेक्षा ती किती कमी येते ते पाहा. वाहतूक चालू असताना मोजपट्टी घेऊन रस्त्यावर उतरू नका. बसने येत असाल तर बस किती मिनिटे उभी होती व किती वेळा थांबली, याची आठवडाभर नोंद ठेवा.

प्रश्न

१. एक हजार किलोग्रॅमच्या गाडीचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.७ चौरस मीटर आहे. ताशी १०० किलोमीटरला तिला किती शक्ती लागेल?

२. चाकांतील अंतर २.४ मीटर असलेली गाडी प्रमाणित गतिरोधकावर आली. दोन चाकांमधला फुगवटा किती?

३. बंद गाडी ४० मिलिअँपिअर वीज खाते. ६० अँपिअर-तासांची बॅटरी किती दिवसांत निम्मी होईल?

४. बारा हजार किलोग्रॅमच्या बसमध्ये सरासरी ६५ किलोग्रॅमचे ५० प्रवासी आहेत. एकूण वजनात प्रवाशांचा वाटा किती टक्के? तो आपल्या उदाहरणातील ४ टक्क्यांशी ताडून पाहा.

उत्तरे: (१) सुमारे १३ किलोवॉट (२) सुमारे ४.२ सेंटीमीटर (३) सुमारे ३१ दिवस (४) सुमारे २१ टक्के